नागपुरात एलजीबीटीक्यू तरुणांसाठी आधारगट सुरू करायचा आहे, सुरुवात नेमकी कुठून करावी?

मेडिकल_चौक (प्रश्न)

जाणकारांना विचारायचं आहे. नागपुरात कॉलेजच्या वयातल्या समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स आणि स्वतःबद्दल अजून काहीच नक्की न ठरलेल्या मुलामुलींसाठी दर पंधरवड्याला भेटणारा आधारगट सुरू करायचा विचार आहे. आम्ही चौघं आहोत. एक समाजकार्याची पदवी घेतलेली, एक प्राध्यापक, दोघं नोकरी करणारे. शहरात या समुदायासाठी सारथी ट्रस्टचं काम आहे आणि २०१६ मध्ये इथे पहिली प्राइड मिरवणूक निघाली, हे ठाऊक आहे. पण मिरवणुकीला येऊ शकणारी मुलं वेगळी आणि हिंगणा-कामठीकडून रोज बसने कॉलेजला येऊन घरी गप्प बसणारी मुलं वेगळी. आम्हाला ही दुसरी मुलं डोळ्यांसमोर आहेत.

जागा कशी असावी? किती जण घ्यावेत? व्हॉट्सॲप ग्रुप काढावा का? अकरावी-बारावीची मुलं आली तर काय करायचं? कॉलेजची परवानगी आधी घ्यायची की नंतर? आणि फेब्रुवारीत एखादी छोटी पदयात्रा काढता येईल का? अनुभवाने सांगणारं कोणी असेल तर सविस्तर लिहा.

गोरेवाडा

प्रश्न बरेच आहेत, पण त्यांच्या आधी एक गोष्ट ठरवा. आधारगट आणि चळवळ एका खोलीत बसवू नका. दोन्ही हवेत, दोन्ही मनापासून करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या फोन नंबरवरून आणि जमलं तर वेगळ्या माणसांनी. ज्याने 'मी गे आहे' हे आजवर मोठ्याने उच्चारलेलंच नाही, त्याला पहिल्याच भेटीत फलक रंगवायला बसवलं की तो पुन्हा दिसत नाही. कारणही सांगत नाही. त्याचा समज होतो की इथे धीट लोकांचंच काम आहे. गटातल्या कुणाला चळवळीत यायचं असेल तर त्याने स्वतः विचारावं, आपण गटात त्याचं आमंत्रण देऊ नये.

जागेचं बोलायचं तर कॅफे नको. धरमपेठेतल्या कॅफेत दहा जण गोल बसले की शेजारच्या टेबलाला सगळं ऐकू जातं. शिवाय माणशी दीडशे-दोनशे रुपये खर्च येतो, म्हणजे ज्याच्या खिशात फक्त बसभाडं आहे तो आपोआप गळतो. बाग, तलावाचा काठ हेही नको, कारण तिथे कोण पाहतंय ते आपल्या हातात नसतं. एखाद्या संस्थेचं कार्यालय सुटीच्या दिवशी मिळतं, किंवा अभ्यासिकेची वरची खोली, किंवा महिला संघटनेची बैठकीची जागा. बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. जिना रस्त्यावरून सरळ दिसतो का? त्याच मजल्यावर कोचिंग क्लास आहे का? (असला तर ओळखीचं कुणी भेटतंच.) आणि दार लावून घेतल्यावर बाहेर किती ऐकू येतं? एकाने आत बोलायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. सीताबर्डी इंटरचेंजपासून पायी दहा मिनिटांत असेल तर उत्तम. मेट्रोच्या दोन्ही मार्गांवरून तिथे येता येतं आणि बर्डीवर उतरणाऱ्याला 'तू इकडे कसा' असं कुणी विचारत नाही.

आठ ते बारा ही चांगली संख्या. पंधराच्या वर गेलात की चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात. पहिले दोन-तीन महिने मात्र तिघं-चौघंच येतील, कधी कुणीच येणार नाही. तरी ठरलेल्या वेळी खोली उघडून दीड तास बसायचंच. एक तारीख रद्द केली की महिनाभर धीर गोळा करून आलेल्याला नेमकं कुलूप दिसतं, आणि तो दुसरा प्रयत्न करत नाही. पहिला आणि तिसरा शनिवार, चार ते साडेपाच ही वेळ बहुतेकांना जमते. रविवारी घरचे सगळे घरी असतात आणि विचारणा होते. मुलींना वसतिगृहाच्या वेळेत परतायचं असतं, म्हणून साडेसहानंतर लांबवू नका. एप्रिलच्या मध्यापासून मात्र पाचच्या आत बोलावू नका. आपल्या पंचेचाळीस अंशांत दुपारी कोण निघणार!

भेट चालवायला दोघं हवेत, एकटा कधीच नको. एक जण बोलणं पुढे नेतो, दुसरा चेहरे बघतो. कुणी रडत उठून बाहेर गेलं तर दुसऱ्याने मागे जायचं, पहिल्याने खोली सांभाळायची. पहिली पंधरा मिनिटं नावं आणि नियम, मग तासभर बोलणं, शेवटची पंधरा मिनिटं समारोप. वेळ कमी पडला म्हणून समारोप कापू नका. इथून कुठे जाणार, घरी आज कोण आहे, रात्री अस्वस्थ वाटलं तर कुणाला फोन करता येईल, हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. बाहेर पडल्यावरचे दोन-तीन तास अनेकांना जड जातात, कारण आत मोकळं बोलून झालेलं असतं आणि घरी पुन्हा तोंड मिटायचं असतं.

नियम थोडे ठेवा, पण दर भेटीत मोठ्याने वाचा. नाव कुठलंही चालेल. फोटो नाही. ऐकलेलं इथेच राहील. विचारल्याशिवाय सल्ला नाही. बर्डीत किंवा कॉलेजात समोरासमोर आलो तर आपणहून ओळख दाखवायची नाही, कारण त्याच्या सोबत कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. गट चालवणाऱ्याने गटातल्या कुणाशी प्रेमसंबंध जोडायचे नाहीत. आणि एक नियम आपल्याकडे फार महत्त्वाचा, तो म्हणजे आडनाव विचारायचं नाही. आडनावावरून जात कळते आणि कळली की वागणं बदलतं, खोली कितीही पुरोगामी असो. इंग्रजीचंही तसंच. एका कोपऱ्यात सफाईदार इंग्रजी सुरू झालं की जरीपटका-इंदोऱ्याकडून आलेली पोरं गप्प होतात. मराठी आणि हिंदी, दोन्हींत चालवा, जे जसं येईल तसं.

तर्री_पोहे

गोरेवाडांच्या सगळ्या मुद्द्यांना दुजोरा. मी फक्त फोनबद्दल लिहितो, कारण मुलांची ओळख उघडी पडते ती बहुतेक वेळा फोनमुळे.

नेहमीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, डीपीही दिसतो. एक जण चिडून बाहेर पडला तरी सगळे नंबर त्याच्याकडे राहतात. फक्त तारीख-वेळ कळवायची असेल तर कम्युनिटीतला घोषणांचा ग्रुप वापरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला तेवढे दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण तिचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. आपसात बोलायचंच असेल तर सिग्नल. त्यात नंबर लपवून युजरनेम ठेवता येतं.

गटासाठी वेगळं सिम घ्या आणि ते कुणाच्याही आधीच्या ओळखीच्या नंबरशी जोडू नका. पहिल्या फोनवरच सांगा की हा नंबर 'वाचन मंडळ' किंवा 'टायपिंग क्लास' अशा नावाने सेव्ह कर. यात दोन फायदे आहेत. घरात फोन वाजला तर स्क्रीनवर भलतं नाव दिसत नाही, हा एक. दुसरा फायदा ट्रूकॉलरचा. लोक एखाद्या नंबरला जी नावं देतात त्यांतलंच नाव तिथे अनोळखी माणसाला दिसतं. चार जणांनी 'गे ग्रुप नागपूर' असं सेव्ह केलं की आईच्या फोनवरही तेच झळकू शकतं. निरोपात कधीही 'एलजीबीटी', 'प्राइड', इंद्रधनुष्याची इमोजी असं काही नको. 'शनिवारी ४, नेहमीची जागा' एवढं पुरे. लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसतो, तो बंद कसा करायचा हे पहिल्याच भेटीत प्रत्येकाच्या फोनवर करून दाखवा.

पैसे यूपीआयने गोळा करू नका, अगदी वीस रुपयेही नाहीत. यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं, म्हणजे ट्रान्स मुलीचं तिने मागे टाकलेलं नाव सगळ्यांसमोर येतं. शिवाय वडिलांनी पासबुक छापून आणलं की नोंद समोर. दाराशी एक डबा ठेवा, टाकतील ते टाकतील.

नोंदणीसाठी गूगल फॉर्म करणार असाल तर ईमेल गोळा करणारी सेटिंग बंद आहे ना, ते दोनदा बघा. हजेरीवही ठेवूच नका. आले किती, नवे किती, हे दोन आकडे लिहिलेत तरी काम चालतं.

अजून एक, आणि हे भीतीचं आहे. डेटिंग ॲपवर खोट्या प्रोफाइलने बोलावून लुटणं, मग 'घरी सांगू' म्हणून पैसे उकळणं असे प्रकार होतात. मुलांना आधीच सांगून ठेवा: पहिली भेट सार्वजनिक जागी, कुणा एकाला ठिकाण कळवून. अडकलाच तर पैसे देऊ नको, कारण एकदा दिले की मागणी वाढत जाते. चॅट डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढ, प्रोफाइलची लिंक आणि समोरच्याचा यूपीआय आयडी जपून ठेव. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

काळा_कोट

तर्री_पोहेंच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते. मुलं पोलिसांत जात नाहीत याचं मुख्य कारण म्हणजे 'आपल्यावरच गुन्हा लागेल' ही भीती. तो लागत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३७७ नाहीच. धमकी देऊन पैसे उकळणं हा कलम ३०८ चा गुन्हा आहे. तक्रारीत खंडणी, धमकी, रक्कम, तारीख एवढं लिहावं. स्वतःच्या लैंगिकतेबद्दल खुलासा देत बसायची गरज नाही.

आता अल्पवयीन मुलं. इथे भावनेने निर्णय घेऊ नका. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ नुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची लैंगिक संबंधाला संमती कायद्यात धरली जात नाही. समोरचाही सतराचाच असला तरी. आणि कलम १९ प्रमाणे असा प्रकार घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुमच्या खोलीत सतरा वर्षांच्या मुलाने असा संबंध बोलून दाखवला, तर 'इथलं इथेच राहील' हे वचन तुम्ही कायद्याने पाळूच शकत नाही. म्हणून मोठ्यांच्या गटाला १८ पूर्ण ही अट ठेवा आणि पहिल्या फोनवरच विचारा.

गैरसमज नको. 'मला मुलं आवडतात' किंवा 'मी मुलगी आहे' असं सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं तर त्यात कळवण्यासारखं काहीही नाही. ओळख हा गुन्हा नाही. बंधन आहे ते लैंगिक कृत्याबद्दल.

घरातून दबाव आला तर, वय १८ पूर्ण असेल तर मुलगा-मुलगी कुठे राहायचं हे स्वतः ठरवू शकते. कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ चा गुन्हा आहे, कोंडणारे आईवडील असले तरी. मार्च २०२४ मध्ये देवू जी. नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा खटल्यांसाठी उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांत त्या व्यक्तीची इच्छा एकांतात, घरच्यांच्या दडपणाशिवाय जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन बदलू नये, हे स्पष्ट आहे. आपल्याकडे खंडपीठ इथेच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, मुंबईला धावायची गरज नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

घर सोडण्याचा निर्णय कुणी घेतलाच असेल तर घाई करू देऊ नका, आधी तयारी. सगळं बिघडतं ते सिमकार्डपाशी. सिम वडिलांच्या नावावर असतं, ते दुसऱ्या दिवशी बंद होतं, आणि बँक, आधार, डिजिलॉकर सगळ्यांचे ओटीपी अडकतात. म्हणून आधी स्वतःच्या नावावर सिम, मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला, मग बँकेला. खातं पालकांबरोबर संयुक्त असेल तर वेगळं उघडायचं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, चालू औषधांची चिठ्ठी, सगळं मूळ स्वरूपात हातात हवं. निघताना 'मी स्वेच्छेने जात आहे, मला कुणी पळवलेलं नाही' असं सहीचं पत्र, सोबत वयाच्या पुराव्याची प्रत, घराजवळच्या पोलीस ठाण्याला स्पीड पोस्टाने. पावती जपायची. बेपत्ता किंवा अपहरणाची तक्रार झाली की हेच पत्र आश्रय देणाऱ्यालाही वाचवतं.

मेडिकल_चौक

काळा_कोट ताई, मनापासून आभार. पण मग बारावीच्या पोराला दारातूनच परत पाठवायचं? सगळ्यात जास्त एकटी तर हीच मुलं असतात.

काळा_कोट

परत नाही पाठवायचं, वेगळ्या दाराने न्यायचं. सोळा-सतराच्या मुलांना प्रौढांच्या गटात बसवू नका. त्यांच्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर एकट्याने भेट, दिवसा, संस्थेच्या कार्यालयात, शेजारच्या खोलीत दुसरं माणूस हजर असताना. आणि बोलायला सुरुवात होण्यापूर्वी सांगायचं: 'तुझं बोलणं मी जपेन. तीन बाबतींत मात्र मला दुसऱ्याला सांगावं लागेल. तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्याच्या जिवाला धोका करणार असशील, किंवा लैंगिक कृत्याची गोष्ट असेल तर.' हे आधी सांगितलं की काय बोलायचं ते मूल स्वतः ठरवतं. नंतर सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं होतं. घरात मारहाण होत असेल तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, तिथून प्रकरण बालकल्याण समितीपर्यंत जातं.

सदर_ओपीडी

मानसिक आरोग्याच्या बाजूने लिहितो.

गट म्हणजे उपचार नव्हे, हे स्वयंसेवकांना पक्कं ठाऊक हवं. आत्महत्येचा संशय आला तर आडवळणाने विचारू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. 'हो' आलं तर पुढचे प्रश्न: कसं करायचं ठरवलं आहे का? साधन हाताशी आहे का? कधी? याआधी प्रयत्न झाला आहे का? पद्धत ठरलेली आणि साधन घरात असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, 'उद्या बोलू' म्हणायचं नाही. आपल्या भागात गावाकडच्या घरी फवारणीचं औषध असतं, ते कुठे आहे हे विचारा आणि ते हलवायला घरातला एक विश्वासू माणूस शोधा. १४४१६ ही टेली-मानसची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. धोका तातडीचा असेल तर ११२ किंवा सरळ मेडिकलचा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा) आकस्मिक विभाग, सोबत जाऊन. आणि 'घरच्यांना कळवताना' सावध राहा. मूल का खचलं आहे हे सांगताना त्याची ओळख उघड करणं तुमच्या अधिकारात नाही. 'तो फार निराश आहे, त्याला एकटं ठेवू नका' एवढंच सांगा.

समुपदेशक निवडताना पाटीवरच्या पदव्या पुरेशा नाहीत. आधी तुम्ही स्वतः फोन करून तीन प्रश्न विचारा. समलिंगी असणं हा आजार आहे का? आईवडिलांनी 'बदला याला' म्हटलं तर काय कराल? अठरा वर्षांवरच्या मुलाचं बोलणं तुम्ही पालकांना सांगाल का? दुसऱ्या प्रश्नावर 'प्रयत्न करून बघू' असं उत्तर आलं की यादीतून नाव काढा. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंग प्रॅक्टिस हा अभ्यासक्रम केलेले समुपदेशक ऑनलाइनही भेटतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनसेवाही आहे.

'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांबद्दल दोन ओळी. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करण्याची तरतूद आहे. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तेव्हा एखादा डॉक्टर शॉक, हार्मोन, संमोहन यांनी 'बदलून' देत असेल तर त्याची चिठ्ठी, पावती जपा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा. बाबा-मांत्रिकाने अंगात काही शिरलंय म्हणून मारहाण केली, धुरी दिली, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

पालकांसाठी वेगळी भेट ठेवा, मुलांच्या गटाला जोडून नको. त्यांना प्राध्यापकाच्या व्याख्यानापेक्षा दुसऱ्या पालकाचं बोलणं लागतं. मुंबईची 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' ही पालकांचीच मंडळी आहेत, मराठी बोलणाऱ्या आईवडिलांशी जोडून देता येतं. पहिल्या भेटीत पालक एकच विचारतात, 'आमचं काय चुकलं?' त्याचं उत्तर घाईने देऊ नका. आधी ऐकून घ्या.

पांढरा_खडू

कॉलेजच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. परवानगी मागायची ती गटासाठी मागूच नका. गट शहरात, कॉलेजच्या बाहेर राहू द्या. कॉलेजकडे मागायच्या त्या कायद्याने आधीच द्यायच्या असलेल्या गोष्टी, मग 'आमच्याकडे असं कुणी नाही' हे उत्तर चालत नाही.

२०१६ च्या दुरुस्तीने यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असण्यावरून छळणं हेही रॅगिंगच धरलं आहे. मग रॅगिंगविरोधी फलकावर ते दोन शब्द लिहायला लावा. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत विद्यार्थी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या छळाला बळी पडतात हे मान्य केलेलं आहे, म्हणजे अंतर्गत समितीने 'ही फक्त मुलींची समिती' म्हणून तक्रार परत करू नये. तक्रारीची मुदत तीन महिने, ती मुलांना माहीत नसते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ खाली प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. प्राचार्यांना एकच ओळीचं पत्र द्या, 'आपल्या महाविद्यालयातील तक्रार अधिकाऱ्याचं नाव कळवावं', आणि आवक क्रमांक घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

पत्रावर सही प्राध्यापकाची किंवा संस्थेची असावी, विद्यार्थ्याची नको. विद्यार्थ्याने सही केली की संध्याकाळपर्यंत फोन त्याच्या घरी जातो.

पोस्टर लावणार असाल तर सूचनाफलकावर नको, तिथे थांबून वाचायची हिंमत कुणाला होत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. खाली नंबरच्या चिठ्ठ्या फाडून घेता येतील अशा कापा आणि दोन आधीच फाडून ठेवा. पहिली चिठ्ठी फाडायला सगळ्यांना भीती वाटते.

संविधान_चौक

फेब्रुवारीच्या पदयात्रेबद्दल. यंदा तुम्ही स्वतंत्र काढू नका असं सुचवेन. शहरात जे आधीपासून काढतात त्यांच्याबरोबर स्वयंसेवक म्हणून एक वर्ष काम करा, मग बघा. तरी पद्धत सांगतो.

महिना फेब्रुवारी बरोबर आहे. डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशनामुळे विधान भवनाच्या आसपास जमावबंदी असते आणि पोलीस मोर्च्यांच्या बंदोबस्तात गुंतलेले असतात. मार्चनंतर ऊन आणि परीक्षा. अर्ज ज्या ठाण्याच्या हद्दीतून निघणार तिथल्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना, प्रती विशेष शाखा आणि वाहतूक शाखेला, निदान तीन आठवडे आधी. त्यात मार्ग चौकाचौकासह, सुरू-शेवटची वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक आहे का, आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावं-फोन. मार्ग दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे अर्ज. इथेच बहुतेकांचं फसतं, एक परवानगी हातात असते आणि अर्ध्या वाटेवर दुसऱ्या ठाण्याची गाडी अडवते. संख्या कमी सांगू नका. शंभर लिहून तीनशे आले तर पुढच्या वर्षी त्रास होतो.

दीड किलोमीटर पुरे. दर पंधरा-वीस जणांमागे एक स्वयंसेवक, माणशी अर्धा लिटर पाणी, आणि शेवटी एक गाडी, चक्कर आलेल्यासाठी.

फोटोचा प्रश्न सगळ्यात नाजूक. सार्वजनिक रस्त्यावर पत्रकाराला फोटो काढण्यापासून अडवता येत नाही, म्हणून रचना अशी करा की ज्यांना दिसायचं नाही ते मधल्या रांगांत, मुखवट्यात. पुढे आणि दोन्ही कडांना मोठे फलक धरून उघडपणे वावरणारे लोक. मनगटावर लाल फीत म्हणजे 'माझा फोटो नको', आणि पत्रकारांना सुरुवातीलाच हे समजावून सांगा. बहुतेक जण ऐकतात. मुखवटे जमण्याच्या जागी वाटू नका, तिथे पोचेपर्यंतच चेहरा टिपलेला असतो. आदल्या दिवशी द्या. आणि परत जाताना मुखवटा, झेंडा, गालावरचा रंग उतरवायला एक बंद खोली आणि ओले रुमाल ठेवा. रंग तसाच घेऊन मेट्रोत बसलेला मुलगा घरच्या गल्लीत पकडला जातो.

मेडिकल_चौक

सगळ्यांनी इतकं दिलंत की पदयात्रा यंदा बाजूला ठेवली आहे. पहिल्या फोनवर नेमकं काय विचारायचं, तेवढं कुणी सांगाल का? तिथेच आमची गडबड होईल असं वाटतंय.

गोरेवाडा

पहिला प्रश्न नेहमी हाच: 'आत्ता मोकळेपणी बोलता येतंय का?' नसेल तर 'हो-नाही'त उत्तरं घ्या किंवा पुन्हा फोन करायची वेळ त्यालाच ठरवू द्या. आपणहून कधीही उलट फोन करायचा नाही. मग, 'तुला काय म्हणून हाक मारू?' त्यानंतर, 'वय अठरा पूर्ण आहे का?' मग, 'या नंबरवर मेसेज टाकला तर दुसरं कुणी वाचतं का?' आणि शेवटी, 'आज रात्रीपुरतं ठीक आहेस ना?' ओळख कोणती, कधीपासून, घरी माहीत आहे का, यातलं काही विचारू नका. ते तो खोलीत सांगेल, किंवा नाही सांगणार.

गटात येण्याआधी प्रत्येकाला एकदा बाहेर वीस मिनिटं समोरासमोर भेटा, चहाच्या टपरीवरही चालेल. खोटं नाव घेऊन डोकावायला येणारे बरेचसे इथेच गळतात, आणि खऱ्या आलेल्याला खोलीत शिरताना निदान एक चेहरा ओळखीचा असतो. भेटीला दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसा. तो समोरच्या फुटपाथवरून तुम्हाला बराच वेळ बघणार आहे.